पुबेलसाहेबांचे तीन डबे

तर झालं असं, की तीन आठवड्यांपूर्वी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर एक पोल आला. 'कचरा : सध्याची पद्धत चालू ठेवावी की नवीन एजन्सीची गाडी लावावी?' खाली फायद्यांची यादी होती. गेटजवळ एकच मोठा डबा, ओला-सुका वेगळं करायची कटकट नाही, दारात बेल वाजणार नाही, आणि फ्लॅटमागे महिन्याला वीस रुपये कमी. मी तेव्हा कॅबमध्ये होतो, स्टँडअप कॉल चालू होता, म्यूटवर. चार सेकंदांत 'नवीन एजन्सी' दाबलं आणि विसरून गेलो.

त्याच शनिवारी आई साताऱ्याहून आली. आमच्या मातोश्री घरात पाऊल टाकल्या टाकल्या आधी स्वयंपाकघराचं ऑडिट करतात. यावेळी रिपोर्ट फारच वाईट आला. सिंकखाली ऑनलाइन ऑर्डरच्या प्लास्टिक डब्यांचा मनोरा, गॅलरीत पुठ्ठ्यांची खोकी, आणि कचऱ्याच्या डब्यात केळ्याच्या सालींवर ओतलेला चहाचा चोथा आणि त्यात भिजलेली अख्खी रद्दी.

"अरे, कागद ओल्यात टाकलास?" आईने अशा सुरात विचारलं की जणू मी प्रॉडक्शन डेटाबेस उडवलाय.

मी म्हटलं, "कचराच आहे ना तो?"

आई काही बोलली नाही. तिने हातमोजे नसताना तो कागद वेगळा काढला, गॅलरीत वाळत घातला, आणि मग माझ्याकडे असं बघितलं की मला दहावीचा रिझल्ट आठवला.

सकाळी बेल वाजली. कचरा न्यायला येणाऱ्या मावशी दारात होत्या. तीन वर्षं त्या रोज येतायत आणि मी रोज हेडफोन लावून त्यांच्या हातात पिशवी देतोय. आईने त्यांना पाणी दिलं आणि दोन मिनिटांत त्यांच्याकडून मला तीन वर्षांत कळलं नव्हतं तेवढं काढून घेतलं. बोलता बोलता आईचं लक्ष त्यांच्या उजव्या हाताकडे गेलं. अंगठ्याला चिंधी बांधलेली होती.

"काय झालं हो ताई?"

"काच लागली काकू. पिशवीत होती फुटलेली. वरनं दिसत न्हाई."

आता कबुली देतो. दोन दिवसांपूर्वी माझा कॉफीचा मग फुटला होता आणि मी तो तसाच काळ्या पिशवीत टाकला होता. तो माझाच होता की आणखी कोणाचा, हे सिद्ध करता येणार नाही. पण मी विचारलंही नाही, आणि ते मला जास्त लागलं.

तर हा लेख त्या मगमुळे. पण सुरुवात पॅरिसमधून करावी लागेल.

दोन वर्षांपूर्वी मी तीन महिने ऑनसाइट पॅरिसला होतो. पहिल्याच आठवड्यात टीममधल्या एका फ्रेंच सहकाऱ्याने मला इमारतीच्या अंगणातले डबे समजावून सांगितले. पिवळ्या झाकणाचा रीसायकलिंगसाठी, पांढऱ्या झाकणाचा काचेसाठी, हिरव्या झाकणाचा उरलेल्या सगळ्यासाठी. शेवटी तो म्हणाला की डब्याला फ्रेंचमध्ये 'पुबेल' म्हणतात आणि ते एका माणसाचं आडनाव आहे. मला आधी वाटलं हा पीजे मारतोय. आपल्याकडे माणसांची नावं चौकांना, पुलांना, फार तर उद्यानांना देतात. कचऱ्याच्या डब्याला?

पण ते खरं आहे. युजेन पुबेल हे १८८३ साली पॅरिसचा कारभार बघणारे प्रीफेक्ट झाले. आपल्या भाषेत, आयुक्त आणि कलेक्टर दोन्ही एकाच खुर्चीत. २४ नोव्हेंबर १८८३ रोजी त्यांनी हुकूम काढला की प्रत्येक घरमालकाने भाडेकरूंसाठी झाकणाचे डबे ठेवावेत. त्याआधी पॅरिसकर रात्री कचरा सरळ दारापुढे रस्त्यावर ओतत आणि सकाळी गाड्या येऊन तो उचलत. जानेवारी १८८४ पासून डबे आले. घरमालक खर्चावरून ओरडले, वर्तमानपत्रांनी टिंगल करत त्यांना 'पुबेलचे डबे' म्हणायला सुरुवात केली, आणि ते नाव कायमचं चिकटलं.

गंमत पुढेच आहे. पुबेलसाहेबांनी एक नाही, तीन प्रकार ठरवले होते. एक कुजणाऱ्या वस्तूंसाठी, एक कागद आणि चिंध्यांसाठी, आणि एक काच, फुटकी भांडी आणि कालवांच्या शिंपल्यांसाठी. (पॅरिसमध्ये कालवं खाणं म्हणजे आपल्याकडचा वडापाव नसला तरी बऱ्यापैकी रोजचं होतं.) म्हणजे ओला, सुका आणि काच. १८८३ साली! आमच्या सोसायटीत २०१९ साली या विषयावर दोन तास मीटिंग झाली होती आणि ती चहावर संपली.

लोकांनी ही वर्गवारी फारशी पाळलीच नाही. सगळं एकाच डब्यात जाऊ लागलं. पॅरिसच्या घराघरांत ती परत नीट रुजायला पुढची जवळपास शंभर वर्षं जावी लागली.

इतिहासाच्या पुस्तकात ही गोष्ट सहसा इथे संपते. दूरदृष्टीचे पुबेल, आळशी जनता. पण मला नंतर वाचताना जो भाग सापडला तो वेगळा आहे. रस्त्यावरच्या त्या ढिगांवर हजारो माणसं जगत होती.

त्यांना 'शिफोनिए' म्हणत. शिफों म्हणजे चिंधी, तेव्हा शिफोनिए म्हणजे चिंधीवाले. पाठीवर मोठी टोपली, एका हातात कंदील, दुसऱ्या हातात लोखंडी आकडा. रात्री आणि पहाटे ढीग उकरायचे आणि एकेक वस्तू टोपलीत टाकायची. आपल्याला दया येते, पण त्या टोपलीत काय काय असायचं ते बघा. चिंध्या कागदाच्या गिरणीला जायच्या, कारण तोपर्यंत युरोपातला कागद मुख्यतः जुन्या सुती आणि लिननच्या कापडापासून होत असे. चिंध्या निवडायच्या, तुकडे करायचे, भिजवून कुटून लगदा करायचा आणि जाळीच्या साच्यावर उचलायचा. हाडांपासून सरस आणि बटणं व्हायची, जाळलेल्या हाडांच्या कोळशाने साखर पांढरी करायचे, आणि हाडांतूनच काड्यापेटीचा फॉस्फरस निघायचा. फुटकी काच परत भट्टीत जायची. थोडक्यात, शहराची अख्खी सप्लाय चेन या टोपलीतून उलटी वाहत होती.

सरकारला हे माहीत होतं. १८२८ सालीच पोलिसांनी शिफोनिएंना नोंदणी करून बिल्ला लावायला लावला होता. हेतू अर्थात त्यांच्यावर नजर ठेवण्याचा. पण बिल्ला म्हणजे एका अर्थाने मान्यताही होती. हा बिल्ला लक्षात ठेवा, तो पुढे पुण्यात परत येणार आहे.

१८३२ साली पॅरिसमध्ये कॉलऱ्याची मोठी साथ आली. नेमकं त्याच वेळी शहराने रस्त्यावरचा कचरा उचलायचं नवं कंत्राट दिलं आणि कंत्राटदाराच्या गाड्या संध्याकाळपासूनच कचरा नेऊ लागल्या. म्हणजे रात्री आकडा घेऊन निघालेल्या माणसाला रस्ता रिकामा. एप्रिलमध्ये शिफोनिए रस्त्यावर उतरले आणि त्यांनी त्या गाड्या फोडल्या, जाळल्या. साथीच्या काळात स्वच्छतेची गाडी जाळणारे म्हटल्यावर त्यांना अडाणी ठरवणं सोपं होतं. पण ते स्वच्छतेच्या विरुद्ध नव्हते. त्यांची भाकरी त्या गाडीत चालली होती.

१८८४ साली हेच परत झालं. झाकणाचा डबा म्हणजे कचरा आता मालकाच्या दारातून थेट गाडीत. आरडाओरडा झाला आणि मग तडजोड निघाली. गाडी यायच्या आधी फडकं पसरून त्यावर डबा ओतून निवडायची मुभा मिळाली. काही शिफोनिएंची तर ठरावीक इमारतींशी व्यवस्थाच असायची. इमारतीतले डबे खाली आणून ठेवायचे आणि बदल्यात आतला माल आधी निवडायचा. त्यांना 'प्लासिए' म्हणत, म्हणजे ज्याची जागा ठरलेली आहे असा. पण एकूण धंदा उतरणीलाच लागला, कारण त्याच सुमाराला कागद लाकडाच्या लगद्यापासून व्हायला लागला आणि चिंधीचा भाव पडला. शिफोनिए शहराच्या तटाबाहेर ढकलले गेले. तिथे त्यांनी जुन्या वस्तूंचे बाजार मांडले, आणि आज पर्यटक ज्या सेंट-उआंच्या जुन्या बाजारात फोटो काढत हिंडतात त्याचं मूळ तिथे आहे. अस्मादिकांनीही तिथे दहा युरोला एक जुना दिवा घेतला. तो चालत नाही. असो.

आता पुण्यात या.

चिंधीची किंमत आपल्याला शिकवायला पॅरिसची गरजच नव्हती. आमच्या आजीच्या घरी कापडाचं एक आयुष्यचक्र होतं. नऊवारी जुनी झाली की तिची गोधडी. गोधडी विरली की तिची पायपुसणी, आणि पायपुसणं फाटलं की ते चुलीजवळचं फडकं. शर्टाची बटणं काढून डब्यात, कॉलर उलटून परत शिवायची. जे बरं असेल ते बोहारणीला. दारात बोहारीण आली की दुपारची झोप उडायची आणि तीन साड्या, दोन पँटवर एक स्टीलचं पातेलं या विषयावर अर्धा तास वाटाघाटी चालायच्या. दुधाच्या पिशव्या धुऊन तारेवर वाळत. कॅलेंडरच्या मागे हिशेब, लग्नपत्रिकेचं कोरं पान म्हणजे किराण्याची यादी. पुढच्या इयत्तेची पुस्तकं वाड्यातल्या मोठ्या मुलाकडून आणि माझी खालच्या मुलाला. यात पर्यावरण वगैरे काही नव्हतं. पैसे नव्हते, आणि वस्तू टाकायची लाज वाटायची.

आणि चिंधीचा कागद? तो पुण्यात आजही होतो. शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, १९४० साली गांधीजींच्या प्रेरणेने सुरू झालेली. तिथे सुती कापडाच्या कात्रणांपासून हातकागद होतो. तीच जुनी कृती, तुकडे, लगदा, साचा.

पण घराबाहेर पडलेल्या वस्तूचं पुढे काय होतं, हे आमच्या आजीलाही माहीत नव्हतं. ते माहीत होतं पुण्याच्या कचरावेचक बायकांना. त्यांतल्या अनेकींची कुटुंबं १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून आणि आसपासून पुण्यात आली. जमीन नाही, शिक्षण नाही, आणि दलित असल्यामुळे दुसरी कामंही सहज मिळत नव्हती. मग गोणी घेऊन कचराकुंडी. कागद, काच, पत्रा वेचायचा आणि भंगारवाल्याला विकायचा. पोलिसांनी चोर समजून हटकायचं, लोकांनी नाक दाबायचं.

१९९० च्या सुमाराला एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागातल्या पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण यांनी या बायकांबरोबर काम सुरू केलं. कुंडीत उतरण्याऐवजी घरातूनच वेगळा केलेला सुका माल मिळाला तर काम स्वच्छ होईल आणि माल चांगला मिळेल, अशी साधी कल्पना. कोरेगाव पार्क भागात काही बायका असं दारोदार जाऊ लागल्या. थोड्याच दिवसांत तिथे गाडी घेऊन कचरा गोळा करणारा एक खाजगी उद्योजक आला. ओळखीचं वाटतंय ना? पॅरिस, १८३२. फरक एवढाच की इथे गाड्या जाळल्या नाहीत. बायकांनी विरोध केला आणि एक संघटना उभी राहिली.

मे १९९३ मध्ये पुण्यात कचरावेचकांची परिषद भरली. आठशेहून जास्त कचरावेचक आले. हमालांची पंचायत उभारणारे बाबा आढाव पुढे होते. तिथून 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' निघाली. नावच बघा. दान नाही, उद्धार नाही. ज्या तीन वस्तूंवर पोट चालतं त्या तीन वस्तू, आणि पुढे 'कष्टकरी'. पहिल्या मागण्यांतली एक होती ओळखपत्र. १९९० च्या दशकाच्या मध्यात पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांनी ती ओळखपत्रं मान्य केली. हा तो बिल्ला. पॅरिसमध्ये पोलिसांनी सक्तीने लावला होता, इथे बायकांनी मागून घेतला.

मग २००० साली घनकचऱ्याचे केंद्रीय नियम आले. शहरांनी दारोदार जाऊन कचरा गोळा करावा, वेगळा करावा. नियम चांगलाच होता. पण १८८४ चा प्रश्न तसाच्या तसा परत उभा राहिला. दारातला कचरा थेट गाडीत गेला तर कुंडीवरच्या बाईने काय करायचं? पॅरिसने उत्तर म्हणून एक फडकं दिलं होतं. पुण्याने दुसरं उत्तर काढलं : मग दारातून कचरा गोळा करायचं काम त्याच बाईला द्या. २००५ च्या सुमाराला प्रयोग झाला आणि २००८ मध्ये कचरावेचकांच्या स्वतःच्या मालकीच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेचा महापालिकेशी करार झाला. घरांनी महिन्याला ठरावीक रक्कम थेट वेचकाला द्यायची, सुका माल विकून येणारे पैसेही तिचेच. आज तीन हजारांहून जास्त जण या कामात आहेत. म्हणजे प्लासिए, पण मालकीसकट.

आता आपल्या धंद्यातलं एक उदाहरण देतो, राहवत नाही. १९५९ च्या सुमाराला जॉन मॅकार्थी यांनी लिस्प भाषेसाठी 'गार्बेज कलेक्शन' शोधून काढलं. मेमरीत जे आता कोणालाच लागत नाही ते आपोआप गोळा करायचं आणि ती जागा परत वापरायला द्यायची. जावा लिहिणारे आपण सगळे त्याच्या जिवावर निष्काळजी झालो. ऑब्जेक्ट बनवा, सोडून द्या, कोणीतरी उचलेल. मी घरातही तेच करत होतो. पण कंप्युटरमधल्या कलेक्टरला अंगठा नसतो.

आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. कागद हा कचरा नाही, चहाचा चोथाही नाही. दोन्ही एकत्र केले की दोन्हींचा कचरा होतो. कोरडी रद्दी किलोवर विकली जाते, चोथ्याचं खत होतं. भिजलेला कागद ना विकला जातो, ना धड कुजतो. तो ज्या ढिगावर जातो तो ढीगही कोणाच्या तरी दारात असतो. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीला जात राहिला आणि तिथल्या गावकऱ्यांना पुन्हा पुन्हा आंदोलनं करून गाड्या अडवाव्या लागल्या. माझी 'कटकट नाही' ही सोय म्हणजे ती कटकट मी दुसऱ्याकडे फॉरवर्ड केलेली असते.

तर इंजिनिअर माणूस, मोजल्याशिवाय चैन पडत नाही. आईच्या देखरेखीखाली मी तीन आठवडे कचरा वजनकाट्यावर ठेवला. पहिल्या आठवड्यात एका माणसाच्या घरातून साडेपाच किलो! त्यातला तीन किलो ओला, दीड किलो पुठ्ठे आणि पार्सलचं प्लास्टिक, आणि एक किलो 'सांगता येत नाही' या प्रकारात. या आठवड्यात एकूण सव्वातीन किलो. जादू काही केली नाही. कोपऱ्यावरच्या खानावळीतून पार्सल आणायला घरचा डबा नेतो. गॅलरीत भोकं पाडलेल्या बादलीत साली आणि वाळकी पानं एकाआड एक घालतो. (पहिल्या आठवड्यात माश्या झाल्या. मातोश्री म्हणाल्या पानं कमी पडली. बरोबर होतं.) जुन्या बेडशीटच्या आईने चार पिशव्या आणि दोन पायपुसणी केली. फुटकी काच वर्तमानपत्रात गुंडाळून, वर मोठ्या अक्षरात 'काच' लिहून वेगळी देतो. सॅनिटरी पॅड किंवा डायपर असतील तर ते कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायची पद्धत 'स्वच्छ'ने पुण्यात सुरू केली आहे. त्याला एक लाल पेन आणि पाच सेकंद लागतात. पोलला लागली त्यापेक्षा एकच सेकंद जास्त.

नव्या एजन्सीला मी व्हिलन ठरवत नाही. आमच्या कमिटीतली माणसंही वाईट नाहीत. जिना घाण होतो, एखाद्या दिवशी मावशी येत नाहीत, पिशव्या पडून राहतात, कुत्री फाडतात. तक्रारी खऱ्या आहेत. पुबेलसाहेबांच्याही खऱ्याच होत्या. रस्त्यावर कचरा ओतणं कधीच चांगलं नव्हतं. प्रश्न एवढाच, की सुधारणा करताना आधीपासून ते काम करणाऱ्या माणसाला आपण डिझाइनमध्ये धरतो, की त्याला बग समजून काढून टाकतो. आणि 'वेगळं करायची गरज नाही' हा फायदा म्हणून यादीत लिहिणारी कोणतीही योजना मला आता सुधारणा वाटत नाही. १८८३ च्याही मागे जातो आपण.

मावशींना मी काल विचारलं, नवीन गाडी येणार असं ऐकलंय का?

"ऐकलंय दादा. पाच बिल्डिंगी हायेत माज्याकडं. त्यातली ही मोठी."

पुढे त्या काही म्हणाल्या नाहीत. मीही नाही. पिशव्या घेतल्या, आणि 'काच' लिहिलेलं पुडकं बघून म्हणाल्या, "हे बरं केलंत."

पुढच्या रविवारी सकाळी साडेदहाला जनरल बॉडी मीटिंग आहे. मी एक पान करून नेणार आहे. जिना घाण न होण्यासाठी झाकणाची बादली, मावशी न आल्यास फोन करायला नंबर, आणि वीस रुपयांऐवजी तीस जास्त द्यायची तयारी असलेल्या फ्लॅट्सची यादी. यादीत सध्या माझं एकट्याचं आणि तळमजल्यावरच्या जोशीकाकूंचं नाव आहे. एकशे बारा फ्लॅट आहेत. गणित फारसं आशादायक नाही, पण तुमच्याही सोसायटीत असा पोल आला असेल तर चार सेकंदांपेक्षा जास्त वेळ घ्या, एवढंच.

बाय द वे, व्हॉट्सॅप पोलमधलं मत नंतर बदलता येतं. आत्ताच बदललं. ७१ विरुद्ध १८ होतं, आता ७० विरुद्ध १९ आहे.